रिमॅप करायचाय? आधी क्लचला विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी सोलापूरचा, वय २८. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. घरात २०१७ ची फोक्सवॅगन व्हेंटो डिझेल आहे, मॅन्युअल गिअरची, ९४ हजार किलोमीटर चाललेली. गाडी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या नावावर, चालवतो दोघंही. कामासाठी मला सारखं पुण्याला आणि बार्शीला जावं लागतं. ट्रक किंवा उसाची ट्रॉली ओलांडताना दाबलं की आवाज वाढतो, पण गाडी तेवढी सुटत नाही; पूर्वी असं नव्हतं. मित्राने पुण्यात नव्या गाडीचा रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेतली; ३० हजार किलोमीटर झाले, काही त्रास नाही. तिथला ट्यूनर म्हणतो, ११० चे १४० बीएचपी (अश्वशक्ती) होतील, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, २५० वरून ३३० न्यूटन-मीटरवर जाईल, वर ॲव्हरेजही वाढेल. खर्च २८ हजार, सवलत महिनाअखेरपर्यंत. आमचे नेहमीचे मेकॅनिक म्हणतात, "वर्षात क्लच बसतंय बघा, मग इंजिन." कोणाचं खरं? अप्पांना विचारलं तर ते नाहीच म्हणणार, म्हणून न सांगता करून टाकावं असं वाटतंय. बाहेरून काही दिसत तर नाहीच.

नमस्कार.

तुमच्या पत्रात रिमॅपबद्दल बरंच आहे, पण मी अडकलो ते तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या एका वाक्यापाशी. दाबलं की आवाज वाढतो, पण गाडी तेवढी सुटत नाही. पूर्वी असं नव्हतं. तुम्ही हे रिमॅप करण्याचं कारण म्हणून लिहिलंय. मला ते दुखण्याचं लक्षण वाटतं. कंपनीतून गाडी कमी ताकदीची आली असती, तर ती पहिल्या दिवसापासून तशीच असती. 'पूर्वी असं नव्हतं' याचा अर्थ मधल्या काळात काहीतरी बिघडलंय, आणि बिघडलेल्या गाडीचं औषध रिमॅप कधीच नसतं.

मॅन्युअल गाडीत क्लचच्या पेडलवर पाय नसेल तेव्हा इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. गिअर तोच असेल तर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दीडपट झाल्यावर वेगही दीडपट व्हायलाच हवा. आरपीएम पुढे पळतात आणि वेग मागे राहतो, तेव्हा मधे काहीतरी घसरत असतं, आणि मधे घसरण्यासारखा क्लचच आहे. म्हणजे मेकॅनिक ज्या क्लचच्या नावाने घाबरवतायत, तो रिमॅपची वाट न बघता आधीच चालला असण्याची शक्यता आहे.

दुसरी शक्यताही आहे. तुम्ही म्हणता तो आवाज इंजिनाचा नसून हवेचा असेल, फुसफुस किंवा बारीक शिट्टीसारखा, आरपीएमचा काटाही रेंगाळत चढत असेल आणि मागे काळा धूर पडत असेल, तर क्लचवर आळ घेऊ नका. मग टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, हवा कुठेतरी गळतेय किंवा अडतेय. इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) पाइप चिरणं, क्लॅम्प सैल होणं, एअर फिल्टर तुंबणं, ईजीआरमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत) काजळी साठणं, हे सगळं या वयाच्या डिझेल गाडीत नेहमीचं आहे. यातली बरीच कामं रिमॅपच्या तुलनेत किरकोळ खर्चाची असतात.

दोन्हींतलं नेमकं काय, हे घरच्या घरी कळतं. पहाटे एखादा सरळ, रिकामा रस्ता धरा, काट्याकडे बघायला शेजारी कोणाला तरी बसवा. इंजिन नीट गरम झालं की चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. काटा आणि वेग हातात हात घालून चढले, तर क्लच धरतोय. दोन हजारांच्या आसपास काटा एकदम उसळला आणि वेग जागच्या जागी राहिला, वर जळका वास आला, तर क्लच घसरतोय. एकदाच करा. खात्री म्हणून पाच-सहा वेळा केलंत तर होता तो क्लचही जाळून बसाल.

घसरतोय असंच निघालं, तर तुमचा 'कोणाचं खरं' हा प्रश्न तूर्त बाजूला पडतो. ज्याला २५० पेलवत नाहीत, त्याच्यावर ३३० टाकण्यात अर्थ नाही.

आता क्लच ठणठणीत आहे असं धरून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण हे पत्र वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न तोच असणार.

क्लच किती टॉर्क धरेल, हे प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, क्लच प्लेटच्या अस्तराची पकड किती आहे आणि प्लेट केवढी आहे यावर ठरतं. कंपनी इंजिनाच्या टॉर्कला जेमतेम पुरेल असा क्लच देत नाही. साधारण पाव ते निम्मी ताकद वर राखीव ठेवते. उदाहरणापुरतं समजा, २५० च्या इंजिनाला ३५० धरणारा क्लच दिलाय. नव्या गाडीत राखीव १००. रिमॅपने टॉर्क ३३० केला की उरतात २०. तरीही तो घसरणार नाही, आणि जोवर घसरत नाही तोवर केवळ जास्त टॉर्कमुळे तो जास्त झिजतही नाही. तुमच्या मित्राला त्रास झाला नाही तो यामुळे. त्याने नव्या गाडीची नवी राखीव वापरली.

तुमच्या क्लचने ९४ हजार किलोमीटर ओढलेत. अस्तर झिजलंय, कधीतरी तापून गुळगुळीत झालं असेल, प्रेशर प्लेटचा जोरही पहिल्यासारखा नसेल. आज तो ३५० ऐवजी ३०० धरत असेल, तर सध्या तुम्हाला काहीच कळणार नाही, कारण इंजिन २५० च्या वर जात नाही. रिमॅप करून निघालात की पहिल्याच जोराच्या ओव्हरटेकला घसरेल. घसरला की तापतो, तापला की पकड आणखी सुटते, आणि मग त्याचं उरलेलं आयुष्य वर्षात मोजायचं नसतं. पट्ट्यावर चालणारी यंत्रं तुम्ही पाहिली असतील: पट्टा घट्ट धरून आहे तोवर वर्षानुवर्षं चालतो, एकदा पुलीवर घसरायला लागला की दिवसभरात जळून जातो. तेव्हा मेकॅनिकचंही खरं. त्यांच्याकडे येतात त्या तुमच्यासारख्या जुन्या गाड्या, आणि त्याही बिघडल्यावर. ट्यूनरकडून गाडी खुशीत बाहेर पडते आणि क्लच गेल्यावर त्याच्याकडे परत जात नाही. दोघंही आपापल्या दाराशी दिसतं तेच सांगतायत.

म्हणून 'रिमॅपने क्लचचं आयुष्य निम्मं होतं' किंवा 'काहीच होत नाही' अशी दोन्ही सरसकट विधानं मला मान्य नाहीत. राखीव किती उरलीय, यावर सगळं आहे.

आणि ती राखीव कोण खातं? बहुतेक वेळा आपला डावा पाय. सात रस्ता चौकाच्या गर्दीत हाफ क्लचवर सरकत राहणं, चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलणं, पेडलवर पाय टेकवून हायवे काढणं, यात क्लच जेवढा झिजतो तेवढा सरळ रस्त्यावर वाढीव टॉर्कने झिजत नाही. तुमच्या गाडीला तर दोन डावे पाय आहेत, तुमचा आणि अप्पांचा. रिमॅपचा हिशेब करताना दोन्ही धरा.

उजव्या पायाचीही एक सवय सांगतो, कारण तिचा संबंध इंजिनाशी आहे. ॲव्हरेज मिळतं म्हणून आपल्याकडे पन्नासच्या वेगाला पाचवा टाकतात आणि समोर ट्रॉली आली की गिअर न बदलता त्याच पाचव्यात पाय दाबतात. कमी आरपीएमवर पूर्ण जोर मागितला की सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त वेळ टिकतो. तो कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि फ्लायव्हीलवर (इंजिन आणि क्लचमधल्या जड चाकावर) येतो, आणि क्लच घसरण्याची सुरुवातही इथूनच होते. मूळ सॉफ्टवेअर या टप्प्यात टॉर्क आवरून धरतं. खाली दाबल्या दाबल्या पाठ सीटला चिकटावी म्हणून बनवलेला रिमॅप नेमका तोच आवर काढून टाकतो. गिऱ्हाईक खूश होतं ते त्या धक्क्यावर, आणि गाडीला महाग पडतो तोही तोच.

तुमच्या गाडीत सत्तरच्या वेगाला पाचव्यात काटा चौदाशेच्या आसपास असेल, तिसऱ्यात अडीच हजारांच्या आसपास. चौदाशेला टर्बो नीट जागा झालेला नसतो, अडीच हजारांवर पूर्ण जोरात असतो. बार्शी रोडला ट्रॉली ओलांडायची तर आधी तिसरा टाका, मग बाहेर काढा. हे तुम्ही करत असालच. नसाल, तर तुमच्या २८ हजारांचा बराचसा भाग इथेच वाचला.

कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते, रिमॅपने आपण आपल्या हक्काचीच परत घेतो, असाही एक समज असतो. तो अर्धवट खरा आहे. कंपनीला तीच गाडी लेहलाही विकायची असते आणि सोलापूरलाही, भेसळीचं डिझेल आणि चुकलेली सर्व्हिसिंग गृहीत धरायची असते, म्हणून ती अंतर राखते. त्या अंतरात चांगला ट्यूनर काम करू शकतो हेही खरं. पण 'इंजिन तेच, फरक फक्त सॉफ्टवेअरचा' हे नेहमी खरं नसतं. स्विफ्टपासून लिनियापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट घ्या. त्याच्या ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या अवतारांत टर्बोच वेगळा होता, एकाचा साधा, दुसऱ्याचा गरजेप्रमाणे पात्यांचा कोन बदलणारा.

राहता राहिला आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ ला टेकतो तेव्हा इंजिनात जाणारी हवा विरळ असते आणि इंटरकूलरही तिला पुरेशी गार करू शकत नाही. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, मग धूर वाढतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, टर्बो भाजतो. मूळ सॉफ्टवेअरमध्ये यावर राखण असते: हवा किंवा कूलंट जास्त तापलं की ते आपणहून इंधन कमी करतं. घाईघाईने बनवलेल्या काही रिमॅपमध्ये ही राखण सैल केलेली किंवा काढून टाकलेली असते, आणि हे गाडी चालवून कळत नाही. जानेवारीत गड्डा यात्रेच्या थंडीत झकास पळणारा रिमॅप मे महिन्यात दुपारी, माणसं आणि सामान भरलेल्या गाडीत, एसी लावून कसा वागतो, हे ट्यूनरला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथून निघा.

ॲव्हरेजचं आश्वासन फार मनावर घेऊ नका. हलक्या पायाने चालवलं तर थोडा फरक पडू शकतो, पण वाढीव ताकद विकत घेऊन हलक्या पायाने कोण चालवतं? शिवाय रिमॅपनंतर डॅशबोर्डवरचा आकडा प्रत्यक्षाशी जुळेलच असं नाही, कारण तो कॉम्प्युटर आपल्याच हिशेबाने काढतो. टाकी ते टाकी भरून मोजलेलंच खरं.

आता अप्पा.

बाहेरून काही दिसत नाही, असं तुम्ही म्हणता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या स्कॅनरला सॉफ्टवेअर बदललेलं कळू शकतं. तुमची वॉरंटी कधीच संपलीय, त्यामुळे तिची चिंता नाही. कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील आणि कंपनीने ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचा रकाना असतो हे लक्षात घ्या. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) मध्ये, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलमात शब्द 'मालक' आहे, आणि मालक अप्पा आहेत. विम्याची पॉलिसीही त्यांच्याच नावावर असणार. न कळवलेला बदल अपघातानंतर बाहेर आला, तर दावा अडवायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. रस्त्यावर रिमॅपसाठी कोणी सहसा अडवत नाही, हे मलाही माहीत आहे. पण जोखीम तुमची असती तर तुम्ही घ्यायची की नाही ते ठरवलं असतंत. दुसऱ्याच्या नावावरची जोखीम त्याला न विचारता घेणं मला पटत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. ज्या गाडीचा जोर तुम्ही बदललात, ती उद्या सकाळी अप्पा चालवणार आहेत. नेहमीच्या अंदाजाने पाय ठेवल्यावर गाडी अचानक जास्त उसळली, तर ते गोंधळतील.

अप्पा नाहीच म्हणतील हे तुम्ही गृहीत धरलंय. तुम्ही 'रिमॅप करू का' असं विचारलंत, तर कदाचित म्हणतीलही. पण 'गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, क्लच घसरतोय का ते बघून घेऊ' असं म्हणालात तर कुठला बाप नाही म्हणेल? कोणी सांगावं, त्यांनाही ते जाणवलेलं असेल. तिथून सुरुवात करा आणि रिमॅपचा विषय गाडी दुरुस्त झाल्यावर, लपवाछपवी न करता काढा.

तुमच्या जागी मी असतो तर आधी चाचणी, मग गळती आणि फिल्टर, मग गरज असेल तर क्लच, एवढं करून दोन-तीन महिने गाडी तशीच चालवली असती. बहुतेकांची रिमॅपची भूक इथेच निम्मी होते, कारण त्यांना हवी असते ती गाडीची मूळ ताकद, आणि ती परत मिळालेली असते. त्यानंतरही मन मागे हटत नसेल, अप्पाही सगळं ऐकून हो म्हणाले, तर नव्या क्लचवर मवाळ रिमॅप. ३३० चा हट्ट सोडा. टॉर्क २९० च्या आसपास थांबवा, दोन हजार आरपीएमच्या खाली जवळपास मूळचाच ठेवा, तापमानाची राखण जशीच्या तशी ठेवा, हे ट्यूनरला आधी सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. मूळ फाइलची प्रत स्वतःकडे ठेवा. रिमॅपच्या आधी आणि नंतर पीयूसी काढा. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे, आधी आरामात पास होणारी गाडी नंतर त्या आकड्याजवळ गेली तर डिझेल गरजेपेक्षा जास्त ओतलं जातंय. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाका, पण मुदतीच्या बरंच आधी बदला. हायवेवरून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करा. कायद्याचा प्रश्न मात्र मवाळ रिमॅपनेही सुटत नाही, तो आहे तिथेच राहतो.

याच कंपनीची सात गिअरची डीएसजी ऑटोमॅटिक वापरणाऱ्यांनी ट्यूनरचा फोनही घेऊ नये, असं माझं मत. त्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची ठरलेली मर्यादाच २५० न्यूटन-मीटर आहे आणि हे डिझेल इंजिन तेवढा टॉर्क मुळातच देतं. तिथे राखीव कसली शोधायची? बीएस-६ डिझेलवाल्यांनी धूर वाढवणारा रिमॅप केला तर काजळी डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठते, मग तोच ट्यूनर डीपीएफ काढायला सुचवतो; तो सरळसरळ बेकायदा प्रकार आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत वाढवायला मुळात हवाच नाही, पैसे वाया जातात. आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त ट्यूनिंग बॉक्स सेन्सरला खोटा आकडा सांगून जास्त डिझेल ओढतात. इंजिनाशी खोटं बोलण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

सवलत महिनाअखेरीला संपते म्हणालात. संपू द्या, पुढच्या महिन्यात दुसरी येईल. तुमची चाचणी एका सकाळचं काम आहे. क्लच टाकायचाच ठरला, तर मेकॅनिकना एवढं सांगा: गिअरबॉक्स खाली आलाच आहे, तर प्लेट आणि प्रेशर प्लेटबरोबर रिलीज बेअरिंगही नवीन टाका, फ्लायव्हील ड्युअल मास (दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं) प्रकारचं असेल तर त्याचा खेळ तपासा, आणि मागचं ऑइल सील पाझरतंय का ते बघा. त्या सीलमधून क्लच प्लेटवर तेल उतरलं असेल, तर नवी प्लेटही घसरेल, रिमॅप असो वा नसो.